वर्कबेंच उचलू दिला, तर खेळात काय काय हलते?

ऑनलाइन सर्व्हायव्हल खेळ, म्हणजे साधने जमवून अनोळखी जगात तग धरण्याचे खेळ, खेळणाऱ्यांची एक जुनी मागणी आहे. एकदा मांडलेला वर्कबेंच (हत्यारे घडवायचा बाक) किंवा भट्टी नंतर उचलून दुसरीकडे नेता यावी, आणि तसे जमत नसेल तर निदान ती मोडून तिच्यात घातलेला माल तरी परत मिळावा. मागणी करणाऱ्याचे म्हणणे समजण्यासारखे आहे. तासभर लाकूड तोडून आणि दगड फोडून भट्टी उभी करावी, मग लक्षात यावे की लोखंडाची खाण डोंगरापलीकडे आहे आणि शेजारी राहायला आलेली खेळाडूंची टोळी काही बरी नाही. अशा वेळी सगळे तिथेच टाकून नव्या जागी पहिल्यापासून सुरुवात करायला कोणालाही जड जाते. तरीही या साध्या मागणीला प्रत्येक खेळाने निराळे उत्तर दिले आहे, आणि काहींनी तर एकाच खेळात वस्तूगणिक वेगवेगळे उत्तर दिले आहे. ‘उचला’ हे पडद्यावर एक छोटे बटण असले, तरी ते दाबल्यावर वस्तूची मालकी, तिची किंमत, लढाईचे नियम आणि सर्व्हरवरच्या, म्हणजे खेळाचे जग चालवणाऱ्या संगणकावरच्या, नोंदी या सगळ्यांना धक्का लागतो. तो कसा लागतो, हे नीट पाहिले की खेळ बनवणारे स्टुडिओ इतके का कचरतात ते कळते.

आधी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. उचलणे म्हणजे वस्तू अखंड राहून खिशात, म्हणजे इन्व्हेंटरीत, जाणे. मोडणे म्हणजे वस्तू नाहीशी होऊन तिच्यासाठी लागलेला कच्चा माल पूर्ण किंवा अर्धामुर्धा हाती येणे. माइनक्राफ्टमध्ये हे दोन्ही प्रकार आणि त्यांच्या मधल्या पायऱ्या एकत्र पाहायला मिळतात. लाकडाच्या ४ फळ्यांपासून होणारे क्राफ्टिंग टेबल नुसत्या हाताने फोडले तरी जसेच्या तसे परत मिळते. दगडाचे ८ ठोकळे लावून केलेली भट्टी मात्र कुदळीनेच काढावी लागते. हाताने फोडली तर आतला माल बाहेर पडतो, पण भट्टी हाती लागत नाही. एंडर पेटीसाठी ऑब्सिडियन या कठीण दगडाचे ८ ठोकळे आणि एक ‘एंडरचा डोळा’ लागतो, आणि कुदळीवर ‘सिल्क टच’ हा मंत्र चढवलेला नसेल, तर फोडल्यावर ८ ठोकळे मिळतात, डोळा मात्र गेला. म्हणजे एकाच खेळात एक वस्तू फुकट हलते, दुसरी योग्य हत्यार असेल तर हलते आणि तिसरी थोडा कर भरून हलते. यात मनमानी दिसली, तरी मागे हिशेब आहे: वस्तू जितकी पुढच्या टप्प्यावरची, तितकी ती हलवण्यासाठी खेळाडूची तयारी जास्त हवी.

खरी अडचण रिकाम्या वस्तूत नसून चालू वस्तूत आहे. भट्टीत खनिज अर्धे वितळले आहे, खाली कोळसा जळतो आहे, आणि तेवढ्यात ती उचलली, तर त्या अर्ध्या वितळलेल्या खनिजाचे काय करायचे? प्रोग्रामरच्या भाषेत याला वस्तूची अवस्था म्हणतात, म्हणजे वस्तू कोणती आहे याखेरीज तिच्याविषयी लक्षात ठेवावी लागणारी सगळी माहिती. माइनक्राफ्टमध्ये एक वस्तू वितळायला १० सेकंद लागतात आणि कोळशाच्या एका तुकड्यावर ८ वस्तू वितळतात. भट्टी फोडली की आतला कच्चा आणि पक्का माल जमिनीवर पडतो, पण अर्धवट झालेले काम आणि जळू लागलेल्या कोळशाची उरलेली आच विसरली जाते. हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे, कारण खिशात गेलेली भट्टी इतर कुठल्याही नव्या भट्टीसारखीच असते आणि त्यामुळे तिची चळत रचता येते. तिच्यासोबत तिची अवस्थाही ठेवली असती, तर प्रत्येक भट्टी वेगळी ठरून खिशातली एकेक जागा अडवून बसली असती.

अवस्थेसह वस्तू नेऊ देण्याचा धाडसी प्रयोगही याच खेळात झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये आलेल्या १.११ आवृत्तीत शल्कर पेटी आली. तिच्यात २७ कप्पे असतात आणि ती फोडली तरी आतला माल आतच राहतो. लांब पल्ल्याच्या बांधकामांचे स्वरूपच या एका पेटीने बदलले. पण तिला एक कडक अट आहे: शल्कर पेटीत दुसरी शल्कर पेटी ठेवता येत नाही. ही अट नसती, तर पेटीत पेटी ठेवत गेल्यावर एका कप्प्यात हजारो वस्तूंची माहिती मावली असती. साठवणुकीला अर्थ उरला नसता, आणि सर्व्हरला त्या एका कप्प्यासाठी अवाढव्य माहिती वाहून न्यावी लागली असती. एंडर पेटीने हाच प्रश्न उलट्या बाजूने सोडवला आहे. तिच्यातला माल पेटीत नसतोच, तो खेळाडूच्या खात्यात असतो. पेटी हे केवळ त्या खात्याचे दार आहे, आणि जगात कुठेही दुसरे दार उघडले तरी आत तोच माल दिसतो. वर्कस्टेशन, म्हणजे वर्कबेंच-भट्टीसारखी कामाची साधने, हलवण्याच्या चर्चेत हा मार्ग फारसा कोणी सुचवत नाही, पण मला तो फार चतुर वाटतो. अवस्था जागेशी न बांधता माणसाशी बांधली, की उचलण्याचा अर्धा प्रश्न उद्भवतच नाही.

याच्याही पुढची पायरी व्हॅलहाइमने गाठली आहे. आयर्न गेट या स्वीडिश स्टुडिओचा हा खेळ फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आला आणि त्यात १० जणांपर्यंत मंडळी एका जगात खेळू शकतात. इथला वर्कबेंच फक्त १० लाकडांचा. त्याच्या आसपास सुमारे २० मीटरपर्यंत बांधकाम करता येते, आणि त्यावर हत्यारे घडवायची तर डोक्यावर छप्पर लागते. हातोड्याने तो मोडला की १० च्या १० लाकडे परत मिळतात. इतर बांधकामाचेही तसेच. मग खेळ फार सोपा कसा होत नाही? कारण बेंचची पातळी बेंचमध्ये साठवलेलीच नाही. जवळपास लाकूड फोडण्याचा ठोकळा, कातडे कमावण्याची चौकट आणि अशी आणखी काही साधने मांडली, की खेळ ती मोजतो आणि पातळी ठरवतो. लोहारकामाच्या भट्टीचेही असेच आहे: तिच्याभोवती भाता, ऐरणी, धार लावायचे चाक ही साधने जमत जातील तशी ती वरच्या दर्जाची हत्यारे घडवू लागते. आपल्याकडे गावोगाव फिरणारे घिसाडी ऐरण, घण आणि भाता सोबत नेत, आणि आगटी मात्र नव्या मुक्कामी नव्याने मांडत. व्हॅलहाइमची रचना जवळजवळ तशीच आहे. मोडताना काहीही वाया जात नाही, पण सगळा संसार पुन्हा मांडण्याचे श्रम करावेच लागतात. किंमत मालात न मोजता वेळात आणि ओझ्यात मोजली आहे.

ओझ्याची गोष्ट तर या खेळाने मुद्दाम ताणून धरली आहे. व्हॅलहाइममध्ये एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात नेणारी द्वारे आहेत, पण त्यांतून कच्चे धातू आणि धातूच्या कांड्या जात नाहीत. तयार तलवार किंवा चिलखत जाते. लोहारकामाची भट्टी मांडायला ६ तांब्याच्या कांड्या लागतात. ती मोडली की सहाही परत मिळतात, पण त्या कांड्या द्वारातून नेता येत नाहीत, नावेत घालून समुद्रमार्गे न्याव्या लागतात. कागदावर शंभर टक्के परतावा, प्रत्यक्षात वादळात डगमगणारी नाव. २०२३ मध्ये जगाचे नियम बदलण्याची सोय आली, तेव्हा हा निर्बंध सैल करण्याचा पर्यायही देण्यात आला. ज्यांनी तो घेतला त्यांचा वेळ नक्कीच वाचतो. मात्र त्यांच्या खेळातून बंदर, गोदाम आणि सफर या तिन्ही गोष्टींची गरज बरीच कमी होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

माइनक्राफ्टच्या मंत्रटेबलातही, म्हणजे हत्यारांवर मंत्र चढवायच्या टेबलातही, शेजारच्या वस्तूंवर ठरणारी पातळी आहे, आणि तिथे हलवण्याचा खर्च थेट मोजता येतो. टेबल कुदळीने अखंड निघते. पण त्याची पूर्ण ताकद हवी असेल तर भोवती १५ पुस्तकांची कपाटे लागतात. एका कपाटाला ६ फळ्या आणि ३ पुस्तके लागतात. साध्या कुऱ्हाडीने कपाट फोडले तर ३ पुस्तके मिळतात आणि फळ्या जातात. म्हणजे पूर्ण मांडणी हलवली की ४५ पुस्तके वाचतात आणि ९० फळ्यांचा भुर्दंड पडतो. पुस्तक बनवणे किचकट, लाकूड स्वस्त. म्हणून हा भुर्दंड कोणी मनाला लावून घेत नाही. परतावा किती द्यायचा यापेक्षा कोणता घटक परत द्यायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे, हे इथे चांगले दिसते.

बऱ्याच खेळांनी मात्र सरसकट टक्केवारीचा सोपा रस्ता धरला आहे. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरमध्ये हातोड्याने मांडणी फोडली की साधारण निम्मा माल परत येतो. समजा एखाद्या भट्टीला १०० एकक माल लागतो. तीन वेळा जागा बदलली, तर प्रत्येक वेळी ५० घालावे लागतात आणि चौथ्या जागी पोहोचेपर्यंत त्या भट्टीची किंमत २५० होते. अशा गळतीला एक कारण आहे. खेळाच्या जगात झाडे आणि खनिजे पुन्हा पुन्हा उगवतात, त्यामुळे माल कुठेतरी नाहीसा झाला नाही तर जुन्या खेळाडूंकडे डोंगर साठतो आणि नव्यांनी आणलेल्या चार लाकडांना कोणी विचारत नाही. तरीही सरसकट टक्केवारी मला आळशी तोडगा वाटतो. जुन्या, श्रीमंत टोळीला निम्मा माल गेल्याचे काहीच वाटत नाही. पहिल्याच दिवशी भट्टी भिंतीच्या एक हात पुढे लावून बसलेल्या नवख्याचा मात्र जीव जातो. शिक्षा चुकीच्या माणसाला होते.

हा दोष आर्क या खेळाने वेगळ्या पद्धतीने दुरुस्त केला. तिथे मांडणी पाडली तर तोटा होतो, पण मांडल्यापासून पहिली ३० सेकंदे ती अखंड उचलता येते, आणि ही मुदत किती ठेवायची हे सर्व्हर चालवणारा ठरवू शकतो. हात चुकला तर माफी, मत बदलले तर दंड, असा हा भेद आहे. चूक आणि स्थलांतर यांत फरक करणारे इतके साधे साधन इतर खेळांनी सर्रास का उचलले नाही, याचे मला नवल वाटते.

आता मालकीकडे वळू. एकट्याच्या खेळात वर्कबेंच कोणाचा हा प्रश्नच नसतो. ऑनलाइन जगात ‘उचला’ हे बटण कोणाला दिसावे यावर सर्व्हरची शांतता अवलंबून असते. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरच्या खुल्या सर्व्हरवर अनोळखी माणूस हातोडा घेऊन शिरतो आणि सगळ्यांनी मिळून उभारलेली यंत्रे एकामागून एक फोडतो, हा प्रकार तिथल्या खेळाडूंना नवा नाही. फोडणाऱ्यालाच निम्मा माल मिळत असेल, तर त्या खोडीला बक्षीसही मिळते. रस्टमध्ये यासाठी टूल कपबोर्ड आहे. त्या कपाटावर ज्याची परवानगी नोंदली आहे, त्यालाच आसपासच्या हद्दीत बांधकाम करता येते आणि हातोडा हातात धरून मांडलेली वस्तू उचलता येते. भट्टी किंवा पेटी असेल तर ती आधी रिकामी करावी लागते, आणि काही वस्तू उचलताना त्यांची झीजही होते. पण यातून दुसरे काहीतरी घडते. शत्रूने छापा घालून कपाट ताब्यात घेतले, की उचलण्याचा हक्क त्याच्याकडे जातो. वर्कबेंच हलवता येण्याजोगा झाला, त्याच क्षणी तो लुटण्याजोगाही झाला.

लढाईच्या बाबतीत हे आणखी नाजूक होते. छापा घालणाऱ्याने बॉम्ब आणि रॉकेटांवर तासन्‌तासांची कमाई खर्च केलेली असते. भिंत पडायच्या आत मालकाने सगळी महागडी यंत्रे खिशात घालून मागच्या दाराने पळ काढला, तर हल्ल्याला अर्थ उरत नाही. उलट, कोणतेच यंत्र हलत नसेल, तर झोपेत किंवा कामावर असताना लुटल्या गेलेल्या माणसाकडे काही शिल्लक राहत नाही आणि तो खेळच सोडतो. दोन्ही टोके वाईट आहेत. मधले उपाय ठरलेले आहेत: उचलायला काही सेकंद बटण दाबून धरावे लागणे, मार बसला की ती क्रिया तुटणे, नुकतेच नुकसान झालेल्या घरात उचलणे बंद होणे, आणि उचललेले यंत्र इतके जड असणे की ते घेऊन धावता येऊ नये. प्रोजेक्ट झॉम्बॉइडमध्ये वजनासोबत कौशल्याचीही अट आहे: सामान उचलताना ते मोडण्याची शक्यता असते आणि संबंधित कामात हात जितका कच्चा, तितकी ती जास्त. सुताराने कपाट हलवणे आणि मी हलवणे यात फरक असायलाच हवा, त्यामुळे ही अट मला न्याय्य वाटते.

खेळाडूला सहसा न दिसणारी आणि तरीही सर्वांत जास्त डोकेदुखी देणारी बाजू सर्व्हरच्या आत असते. उचलणे ही खेळाडूच्या लेखी एक कृती असली, तरी सर्व्हरच्या लेखी त्या दोन नोंदी आहेत: जगातून वस्तू काढणे आणि खिशात वस्तू घालणे. दोन्ही झाल्या पाहिजेत किंवा दोन्ही होता कामा नयेत. माइनक्राफ्टमध्ये जगाचे तुकडे आणि खेळाडूची माहिती वेगवेगळ्या फाइलींत जतन होते; एक जतन झाली आणि दुसरी होण्याआधी सर्व्हर कोसळला, तर पुन्हा सुरू झाल्यावर वस्तू जमिनीवरही दिसू शकते आणि खिशातही, किंवा कुठेच नाही. एकाची दोन होणे याला खेळाडू ‘ड्यूप’ म्हणतात, आणि एखादी महाग वस्तू अशी दुप्पट होऊ लागली की त्या सर्व्हरचा बाजार फार लवकर कोसळतो. दुसरा धोका एकाच वेळी आलेल्या दोन आज्ञांचा. मी भट्टी उचलली आणि त्याच क्षणी सोबत्याने तिच्यातून लोखंड काढले, तर दोघांच्याही पडद्यावर आपापली कृती आधी झाली असे दिसते, कारण सर्व्हरपर्यंत निरोप पोहोचायला प्रत्येकाला वेगळा वेळ लागतो. म्हणून निर्णय सर्व्हरनेच करायचा, आज्ञा एका रांगेत घ्यायच्या, उचलण्याआधी त्या यंत्राची कोणाचीही उघडी खिडकी बंद करायची आणि चालू काम थांबवायचे, अशी शिस्त लागते. ‘आधी रिकामी करा, मगच उचला’ ही रस्टची अट खेळाडूला कटकटीची वाटते, पण या गोंधळाचा मोठा भाग ती एका फटक्यात टाळते.

काही खेळांनी स्थिर यंत्र हलवू देण्याऐवजी मुळातच फिरते यंत्र वेगळे बनवले आणि त्याची ताकद मर्यादित ठेवली. नो मॅन्स स्कायमधला छोटा रिफायनर, म्हणजे कच्चा पदार्थ शुद्ध करणारे यंत्र, कुठेही ठेवता आणि उचलता येतो, पण त्यात एका वेळी एकच कच्चा पदार्थ घालता येतो. तीन पदार्थांची मिश्रणे करायची तर तळावरचा मोठा रिफायनर लागतो. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरमध्ये वॉर्ली नावाचा स्वयंपाकी आहे, आणि घडी करून नेता येणारे भांडे ही त्याचीच खासियत आहे. बाकीच्यांना चुलीजवळ परतावे लागते, त्यामुळे टोळीत त्याला मान मिळतो. आर्कमध्ये तर जनावरच कारखाना होते. कॅस्टोरॉइडिस या राक्षसी बीव्हरचे खोगीर चढवले की ते स्मिदीचे, म्हणजे लोहारकामाच्या बाकाचे, काम करते, अर्जेंटाव्हिस या महाकाय पक्ष्याचे खोगीरही तसेच, आणि तराफ्यावर किंवा मोठ्या प्राण्याच्या पाठीवरच्या फलाटावर खरी स्मिदी ठोकून फिरणेही शक्य आहे. पण जनावर मारले जाऊ शकते, तराफा बुडू शकतो. कारखाना फिरवायचा तर तो गमावण्याची तयारी हवी, हा सौदा खेळाडूला न सांगताच कळतो.

फॉलआउट ७६ ने पूर्ण वस्तीच हलवू दिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेल्या या खेळात खेळाडूचा कॅम्प थोड्याशा बाटलीच्या बुचांच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, मोबदल्यात दुसऱ्या जागी नेता येतो आणि मांडलेली यंत्रे साठवणीत जाऊन तिथे पुन्हा मांडता येतात. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये सशुल्क सदस्यत्व आले, तेव्हा त्यात एक जादा तंबूही देण्यात आला, जो कॅम्पखेरीज वेगळा ठोकता येतो. हलवता येण्याची सोय पैशाने विकण्याला माझा आक्षेप आहे, कारण मग मूळ खेळातली गैरसोय दूर करण्यात कंपनीचा तोटा होऊ लागतो. पण असा व्यवहार होऊ शकला, यावरून खेळाडूंना या सोयीची किती आस आहे तेही कळते.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांनी आपल्या मंडळींचा स्वभाव पाहून सुरुवात करावी. मित्रमंडळी मिळून खेळत असतील आणि एकमेकांशी लढाई नसेल, तर आर्कमध्ये मांडलेली वस्तू केव्हाही उचलू देण्याची सेटिंग सरळ चालू करावी. तिथे तोट्याने कोणाचेच भले होत नाही. लढाईच्या सर्व्हरवर ३० सेकंदांची मुदत फार तर दोन-तीन मिनिटांपर्यंत वाढवावी, ती वाढवल्याचे सर्वांना आधी कळवावे, आणि त्यानंतरच्या पहिल्या छाप्यात कोणी काय उचलून पळ काढला ते पाहून आकडा पुन्हा ठरवावा.